लोकसभेचे पहिले सभापती

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या बाहेर असतो. त्याने नाकारलेले विधेयक दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी मंजूर करू शकतात. आपल्याकडे मंत्री लोकसभेतच बसतात. मग त्यांस आवर कोणी घालावा? याचे उत्तर गणेश वासुदेव मावळंकर यांच्या चरित्रात सापडते.

रत्नागिरीकडील घराण्यातील दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. अहमदाबादेत वकिली करीत असता ते स्वातंत्र्यलढ्यात पडले व त्यांनी कारावास भोगला. १९३७ साली ते मुंबई विधानसभेचे व १९५२ साली लोकसभेचे सभापती झाले. पंतप्रधान नेहरू त्यांच्याच पक्षाचे. तथापि वारंवार वटहुकूम काढण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी नेहरूंस स्पष्ट पत्रे लिहिली. खर्च तपासणारी अंदाज समिती १९५० साली, तर मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती १९५३ साली त्यांच्याच कारकीर्दीत स्थापन झाली. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच ते निवर्तले.

१९४८ पर्यंत आमच्या भालकीत निजामाचे फर्मान हाच कायदा होता. रयतेस त्याचा जाब विचारता येत नसे. म्हणूनच जाब विचारणाऱ्या सभागृहाचे मोल आम्ही जाणतो. विद्यार्थ्यांनीही ते जाणावे, एवढीच आमची इच्छा आहे.