अध्यापक-राष्ट्राध्यक्ष तोमाश मासारिक

युरोपांतील दोन महायुद्धांचा इतिहास म्हणजे सेनापतींचा व हुकूमशहांचा इतिहास, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. परंतु त्याच धामधुमींत एका प्राध्यापकाच्या हातून एका राष्ट्राची स्थापना झाली, हें थोड्यांस ठाऊक असतें. त्या तोमाश मासारिक यांचा अल्प परिचय आम्ही येथें करून देत आहों.

मासारिक यांचा जन्म ७ मार्च १८५० रोजीं मोराव्हिया प्रांतांतील होदोनीन या गांवीं झाला. हा प्रांत तेव्हां ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या अमलाखालीं होता. वडील बादशाही जमिनींवर गाडीवान, घरीं दारिद्र्य. म्हणून मुलास प्रथम कुलुपें करणाऱ्याकडे व पुढें लोहाराकडे उमेदवारीस ठेवण्यांत आलें. परंतु विद्येची गोडी लागलेला हा मुलगा भात्यापाशीं रमला नाहीं. शिकवण्या करून त्यानें शिक्षण पुरें केलें, व १८७६ सालीं व्हिएन्ना येथें डॉक्टर ही पदवी मिळविली. १८७८ सालीं शार्लट गॅरिग या अमेरिकन युवतीशीं त्यांचा विवाह झाला. पत्नीचें आडनांव त्यांनीं आपल्या नांवांत कायमचें गोंविलें. १८८२ सालीं ते प्राग येथील चेक विद्यापीठांत प्राध्यापक झाले.

तेथें त्यांच्या सत्यनिष्ठेची कसोटी लौकरच लागली. जुन्या हस्तलिखितांत सांपडलेलीं म्हणून गाजलेलीं कांहीं चेक काव्यें राष्ट्राचें भूषण मानलीं जात. तीं बनावट आहेत, असें दाखविणारे लेख १८८६ सालीं मासारिक यांनीं आपल्या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. लोकांनीं त्यांस देशद्रोही ठरविलें. पुढें १८९९ सालीं हिल्स्नर नांवाच्या यहुदी तरुणावर एका ख्रिस्ती मुलीच्या खुनाचा आरोप आला, आणि यहुद्यांस धर्मविधीसाठीं ख्रिस्ती रक्त लागतें, ही रानटी समजूत उफाळून आली. मासारिक यांनीं तिचा निर्भयपणें निषेध केला. तेव्हां विद्यार्थ्यांनींच गोंधळ घालून त्यांचीं व्याख्यानें बंद पाडलीं.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें, तेव्हां ते चौसष्ट वर्षांचे होते. ऑस्ट्रियांत राहूनच चेक लोकांनीं आपले हक्क मिळवावे, असें त्यांचें आजवरचें मत होतें. युद्धानें तें बदललें. डिसेंबरांत त्यांनीं देश सोडला. त्याचें मोल कुटुंबानें दिलें. १९१५ सालीं ज्येष्ठ पुत्र हर्बर्ट टायफस तापानें वारला. कन्या अलीस तुरुंगांत पडली. पत्नीची प्रकृति ढांसळली. तरी ते डगमगले नाहींत. १९१७ सालीं रशियांत जाऊन, तेथें कैद झालेल्या चेक व स्लोव्हाक शिपायांचें सैन्य त्यांनीं वाढविलें. बोल्शेव्हिक क्रांति त्यांनीं तेथें प्रत्यक्ष पाहिली. मजुरांचें दुःख त्यांस परकें नव्हतें. मार्क्सच्या मतांचें परीक्षण करणारा ग्रंथ त्यांनीं १८९८ सालींच लिहिला होता. पण रक्तपातानें न्याय येतो, हें त्यांस पटलें नाहीं. सैबेरिया व जपान या मार्गानें ते अमेरिकेस गेले, व अध्यक्ष विल्सन यांस त्यांनीं आपल्या लोकांची बाजू सांगितली. २८ ऑक्टोबर १९१८ रोजीं प्राग येथें चेकोस्लोव्हाकियाचें स्वातंत्र्य जाहीर झालें, आणि गाडीवानाचा मुलगा त्या राष्ट्राचा पहिला अध्यक्ष झाला.

सतरा वर्षें त्यांनीं हें पद भूषविलें. शेजारचे देश एकामागून एक हुकूमशाहीच्या हातीं जात असतां येथें लोकसत्ता टिकली. तथापि तेथील तीस लाखांवर जर्मनांपैकीं पुष्कळांस हें राष्ट्र आपलें वाटलें नाहीं. मासारिक यांच्या चरित्रांत ही उणीव झांकून ठेवणें त्यांसच रुचलें नसतें.

१९३५ सालीं त्यांनीं पद सोडलें, व १४ सप्टेंबर १९३७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. पुढल्याच वर्षीं त्या जर्मनांचें गाऱ्हाणें पुढें करून हिटलरनें सरहद्दीचा मुलूख मागितला, आणि म्यूनिक येथें ब्रिटन व फ्रान्स यांनीं तो त्याच्या पदरांत टाकला. मार्च १९३९ मध्यें प्रागही गेलें. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या फेब्रुवारींत, साम्यवाद्यांनीं सत्ता बळकाविली. मार्चमध्यें त्यांचे पुत्र, परराष्ट्रमंत्री यान, निवासस्थानाच्या खिडकीखालीं मृत आढळले. लोकसत्ता परत आली ती १९८९ सालीं. आणि १९९३ पासून चेक व स्लोव्हाक हीं दोन निराळीं राष्ट्रें झालीं.

मासारिक यांनीं घडविलेलें राष्ट्र आज नकाशावर नाहीं. मग त्यांचें काय उरलें? विद्यार्थी मित्रहो, शत्रूचे दोष सांगण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. आपल्याच माणसांस, न रुचणारें सत्य सांगण्यास तें लागतें. तें धैर्य त्यांनीं प्रथम वर्गांत दाखविलें, राष्ट्राध्यक्षपद मागाहून आलें. हा क्रम आमच्या मुलांनीं, आणि त्यांच्या पालकांनींही, ध्यानीं ठेवावा, इतकीच आमची विनंति आहे.