प्रकाशाचे साधक : राजा दीनदयाळ

आज क्षणार्धात छायाचित्र काढणे कोणालाही शक्य झाले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात हे काम अतिशय कष्टाचे होते. जड लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या नाजूक पट्ट्या घेऊन छायाचित्रकाराला हिंडावे लागे. अशा काळात या कलेत भारताचे नाव उज्ज्वल करणारे कलावंत म्हणजे राजा दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याचे काम ते करू लागले. १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांच्या अंगचे गुण ओळखून त्यांना उत्तेजन दिले.

त्या काळी सूर्य हाच छायाचित्रकाराचा मुख्य दिवा होता आणि तो कोणाच्या आज्ञेत नव्हता. भर दुपारी ऊन डोक्यावर आले, की पगडीची सावली पडून डोळे काळवंडत. पांढरे अंगरखे नुसत्या शुभ्र डागांसारखे उमटत. ढग आला, की प्रकाश मंदावे आणि पट्टीवर तो अधिक वेळ पडू द्यावा लागे. ढग सरला, की सारा हिशेब पुन्हा बदले. प्रकाश मोजणारी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. अनुभवी डोळ्यांचा अंदाज हेच माप. त्यातच एखाद्याने मान हलवली, तरी ते चित्र बिघडे. दीनदयाळ यांनी अशाच उघड्या प्रकाशात संस्थानिक, सैनिक व शिकारी यांची असंख्य समूहचित्रे टिपली.

१८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली. यानंतर त्यांच्यापुढे कठीण प्रश्न उभा राहिला. एकीकडे सरकारी नोकरीचे निश्चित वेतन होते, तर दुसरीकडे बेभरवशाची कला. त्यांनी प्रथम दीर्घ रजा घेतली आणि अखेर नोकरी सोडली. त्यांचा निर्णय सार्थ ठरला. हैदराबादचे सहावे निजाम मेहबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले व पुढे ‘राजा’ हा किताब दिला. १८९२ मध्ये त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली. तेथे छायाचित्रे घेण्याचे काम एका स्त्रीकडेच सोपवले होते. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही आपली चित्रशाळा सुरू केली.

१९०५ मध्ये दीनदयाळ यांचे निधन झाले. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

बदलत्या प्रकाशावर कोणाचीही सत्ता चालत नाही. परंतु त्याची वाट पाहणे आणि योग्य क्षण ओळखणे माणसाच्या हाती असते. वयाच्या तिशीत नवी विद्या हाती घेऊन दीनदयाळ यांनी तिच्यात प्रावीण्य मिळवले. शिकण्याला वयाचे बंधन नसते, हेच त्यांच्या जीवनावरून दिसून येते.