शेजारी राष्ट्र, सीमा आणि बाबासाहेब

भिवंडी : बाबासाहेब म्हणजे संविधान, आरक्षण आणि धम्मदीक्षा, एवढीच ओळख आपल्या तरुणांपर्यंत पोहोचली आहे. मात्र भारताचे शेजारी देशांशी संबंध कसे असावेत, सैन्यावर किती खर्च व्हावा, काश्मीरचे काय करावे, तिबेट गेल्यावर काय होईल, या प्रश्नांवर त्यांनी आयुष्याची पंधरा-सोळा वर्षे विचार केला. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या भिवंडीसारख्या गावात 'पाकिस्तान' हा शब्द अनेकदा शिवीसारखा वापरला जातो. म्हणूनच त्या देशाचा सर्वांत थंड डोक्याने अभ्यास करणाऱ्या आपल्या बापाचे हे चरित्र तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

छावणीत जन्मलेला मुलगा

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार आणि आजोबा मालोजी दोघेही फौजेतले. पुढे इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली आणि एका अख्ख्या समाजाच्या घरातली पगाराची, शिक्षणाची, मानाची वाट बंद झाली. सैन्यात कोण असतो आणि कोण नसतो, यावर समाजाचे भवितव्य ठरते, हा धडा त्यांना घरातच मिळाला. १९१३ मध्ये ते स्वतः बडोदा संस्थानच्या सैन्यात काही दिवस लेफ्टनंट होते.

कोलंबिया आणि लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्र शिकले. कोणताही राजकीय प्रश्न आला की आधी महसूल किती, खर्च किती, माणसे किती, हे मांडायचे ही त्यांची सवय तिथलीच.

१९४१ मध्ये ते सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. त्यासाठी त्यांनी सतत पाठपुरावा केला होता.

पाकिस्तानचा हिशेब

मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोरला ठराव केला. काँग्रेसवाल्यांनी तो हसण्यावारी नेला, हिंदू महासभेने संताप केला. स्वतंत्र मजूर पक्षाने मात्र अभ्यास करायचे ठरवले. त्या अभ्यासातून वर्षअखेरीस बाबासाहेबांचा पाकिस्तानविषयीचा ग्रंथ आला.

त्यात त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, आकडे दिले. फाळणी झाली तर कोणाकडे किती महसूल राहील, सैन्यात पंजाब आणि सरहद्द प्रांतातले शिपाई किती, वायव्येची नैसर्गिक सीमा हातची गेली तर संरक्षण कसे होईल, हे सगळे मांडले. निष्कर्ष धक्कादायक होता. डोंगराची सीमा असून सैन्याची निष्ठा दुभंगलेली असेल तर ती सीमा कामाची नाही, त्यापेक्षा सीमा साधी असली तरी सैन्य विश्वासाचे असलेले बरे, असे त्यांचे म्हणणे होते.

या ग्रंथात मुस्लिम राजकारणावर कठोर टीका आहे. तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचा दाखला देऊन त्यांनी लोकसंख्येची अदलाबदलही सुचवली होती. आज काही मंडळी त्यातली निवडक पाने उचलून आपल्या शेजारच्या मोहल्ल्याविरुद्ध वापरतात. त्याच ग्रंथात हिंदू राज्य आले तर ते या देशावरचे फार मोठे संकट ठरेल, असा स्पष्ट इशाराही आहे. जातींची आणि धर्मांची मिसळ असलेले पक्ष उभे राहावेत, अशी अपेक्षाही त्यांनी तिथेच मांडली. बाबासाहेब वाचायचे तर पूर्ण वाचावे लागतात.

फाळणीच्या आगीत आपली माणसे

१९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाऊ दिले गेले नाही. तेव्हा बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडल यांनी पुढाकार घेऊन त्यांना तिथून निवडून आणले. फाळणीने ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले. एकाच चळवळीतले दोन नेते दोन देशांचे कायदामंत्री होते.

पण सीमेपलीकडे आपल्या माणसांचे हाल सुरू झाले होते. सफाईचे काम ही अत्यावश्यक सेवा आहे असे सांगून पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना भारतात येऊ देत नव्हते. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून याची दखल घ्यायला लावली. तिथल्या अस्पृश्यांना त्यांनी भारतात या असे आवाहन केले. पूर्व बंगालमधील अत्याचार पाहून मंडल यांनीही ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा दिला आणि ते भारतात परतले. दोन देशांचे संबंध बिघडतात तेव्हा पहिला मार कोणाला बसतो, हे या दोघांनी प्रत्यक्ष पाहिले.

राजीनाम्यामागचे विसरलेले कारण

ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाला. युद्ध १ जानेवारी १९४९ च्या युद्धबंदीपर्यंत चालले, पण प्रश्न सुटला नाही. बाबासाहेबांचे मत मंत्रिमंडळापेक्षा वेगळे होते. युद्धबंदी रेषेवर वर्षानुवर्षे भांडत बसण्यापेक्षा जम्मू आणि लडाख हा हिंदू-बौद्ध भाग भारताने घ्यावा आणि मुस्लिमबहुल भागाचा निर्णय तिथल्या लोकांवर सोडावा, असे ते सांगत. लडाखच्या बौद्धांचा विचार त्या काळी दिल्लीत फारसा कोणी करत नव्हते.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिलामुळे सोडले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांच्या निवेदनात परराष्ट्र धोरण हेही एक ठळक कारण होते. भारताचा वर्षाचा महसूल साडेतीनशे कोटी आणि त्यातले एकशे ऐंशी कोटी सैन्यावर, म्हणजे निम्म्याहून जास्त. जगात मित्र उरले नाहीत म्हणून हा बोजा आला, असे त्यांचे निदान होते. काश्मीरच्या चर्चेत पूर्व बंगालमधील पीडितांकडे दुर्लक्ष होते, ही त्यांची दुसरी तक्रार. तो पैसा शाळेत, दवाखान्यात, शेतीत गेला असता. बिघडलेल्या शेजाराची किंमत गरीब भरतो, हे त्या आकड्यांवरून दिसते.

तिबेट आणि पंचशील

१९५० मध्ये चीनचे सैन्य तिबेटमध्ये शिरले. एप्रिल १९५४ मध्ये भारताने चीनशी पंचशील करार करून तिबेटवरील चीनचा ताबा मान्य केला. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेब बोलायला उभे राहिले. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा भाग आहे, माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा मुद्दा होता. ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण त्यांचे सैन्य थेट आपल्या सीमेवर आणले, हा इशाराही त्यांनी दिला. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, देशाला त्याचा अर्थ कळला. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

१९५५ च्या अखेरीस भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी हैदराबादला दुसरी राजधानी करा असे सुचवले. दिल्ली शेजारी देशांच्या विमानांच्या टप्प्यात आहे, हे त्याचे एक कारण होते.

धम्माचा शेजार

सीमेवर सावध असलेला हा माणूस शेवटच्या वर्षांत शेजाऱ्यांकडेच वळला, पण धम्माच्या वाटेने. १९५० मध्ये श्रीलंका आणि डिसेंबर १९५४ मध्ये रंगून येथे जागतिक बौद्ध परिषदेला ते गेले. ब्रह्मदेश तेव्हा स्वातंत्र्यापासून सुरू झालेल्या यादवी युद्धात होरपळत होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे त्याच देशाचे. महिनाभराने काठमांडूच्या परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून हिंसेचा मार्ग टिकत नाही हे मांडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज त्याच ब्रह्मदेशात, म्हणजे म्यानमारमध्ये, १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर पुन्हा युद्ध पेटले आणि हजारो निर्वासित मिझोरामच्या आश्रयाला आले. तिथल्या सेनापतींनी स्वतःला बौद्ध म्हणवून घेतले तरी बॉम्ब बॉम्बच असतो. अशा वेळी बौद्ध तरुणांनी कोणाच्या बाजूने बोलायचे, याचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. सीमा भक्कम असावी, हिशेब चोख असावा आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पीडिताचे नाव आपल्या ओठावर असावे.

महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांचे आठवा आणि पंधरावा खंड भिवंडीतल्या प्रत्येक विहारात असायला हवेत. जयंतीच्या वर्गणीतून एका डीजेच्या भाड्यात ते सहज येतात. पुढच्या वेळी कोणी चौकात पाकिस्तानच्या नावाने शेजाऱ्याला हिणवले, तर आपल्या पोरांकडे बाबासाहेबांचे आकडे तयार असावेत.

जय भीम. नमो बुद्धाय.