संत गोन्सालो गार्सिया आणि आपले दृढीकरण

दृढीकरणाचा दिवस आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. शुभ्र पोशाखातील मुले-मुली रांगेने उभी असतात, त्यांच्या खांद्यावर धर्ममातापित्यांचा हात असतो, बिशप त्यांच्या कपाळावर पवित्र तैलाने क्रुसाची खूण करतात. मिस्सा आटोपते, छायाचित्रे निघतात, घरी गोडधोड होते. पुढच्या रविवारी मात्र त्या रांगेतील काही जागा रिकाम्या दिसू लागतात आणि वर्षभरात त्या मुलांपैकी किती मुले धर्मग्रामात दिसतात, हे मोजावयास आपले मन धजत नाही. जो संस्कार श्रद्धेच्या प्रौढपणाचे दार म्हणून दिला गेला, तो कित्येकांसाठी चर्चबाहेर पडण्याचे दार ठरतो. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना, चारशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच मराठी मुलुखातून निघून परक्या देशात देह ठेवणाऱ्या एका वसईकराचे चरित्र मी आपणापुढे ठेवीत आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपण जाणतो. वसईच्या किल्ल्यातील त्यांच्या नावाचे चर्च आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु त्यांच्या जीवनाकडे दृढीकरणाच्या दृष्टीने आपण क्वचितच पाहतो.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली होती. गोन्सालोंचे वडील पोर्तुगीज, तर आई याच भूमीतील होती. दोन वंशांच्या आणि दोन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या या मुलाला वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी शिक्षण दिले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे मुले शालान्त परीक्षेची तयारी करतात त्या वयात, ते येशूसंघीयांच्या सोबतीने जपानला निघाले.

जपानमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ साली सुवार्ता नेली होती. तेथे गोन्सालोंनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. जपानी भाषा ते अशी सहज बोलू लागले की त्या देशातील लोक त्यांना आपले मानू लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. त्यांनी विनंती केली. ती मान्य झाली नाही. वर्षानुवर्षे ज्या कार्यासाठी त्यांनी घाम गाळला, त्या कार्याच्या संघात त्यांना स्थान मिळाले नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. धर्मग्रामात आपला शब्द मानला गेला नाही, गायनमंडळात किंवा कार्यकारिणीत आपणास घेतले नाही, एवढ्या कारणाने चर्चची पायरी न चढण्याची शपथ घेणारी माणसे आपण पाहिली आहेत. कदाचित आपल्याच घरात पाहिली असतील. गोन्सालोंचे दुःख याहून मोठे होते. ते निराश झाले, त्यांनी मिशनकार्य सोडले आणि व्यापारात पडले. व्यापारात त्यांना यशही आले. मनात आणले असते तर एक धनवान आणि प्रतिष्ठित व्यापारी म्हणून ते सुखाने जगले असते. परंतु अंतर्यामीची हाक शमली नाही. फिलिपिन्समधील मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला आणि त्या संघात ते धर्मबंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत. साधा धर्मबंधू राहण्यातच त्यांनी समाधान मानले.

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे आपला दूत म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना पाठविले. या शिष्टमंडळाला दुभाषा हवा होता. जपानी भाषा उत्तम जाणणारे गोन्सालो त्या कामासाठी निवडले गेले. ज्या भूमीतून ते मन मोडून निघाले होते, त्याच भूमीत परमेश्वराने त्यांना परत नेले. क्योतो नगरात फ्रान्सिस्कनांनी मठ आणि चर्च बांधले आणि समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडली. या सर्व कार्यात गोन्सालो हे पेद्रो बाप्तिस्ता यांची वाणी झाले.

आता दृढीकरणाशी निगडित अशी एक घटना पाहा. झेवियर यांच्या आगमनानंतर जपानमध्ये ख्रिस्ती श्रद्धा झपाट्याने पसरली होती, तरी त्या देशाला बिशप लाभला नव्हता. नेमलेले पहिले बिशप वाटेतच मरण पावले होते. १५९६ च्या ऑगस्टमध्ये बिशप पेद्रो मार्तिन्स नागासाकीस पोचले, तेव्हा सुवार्ता येऊन ४७ वर्षे झाली होती. ज्यांचा स्नानसंस्कार होऊन कित्येक वर्षे लोटली होती, असे हजारो लोक दृढीकरणासाठी त्यांच्याकडे आले. आणि अवघ्या सहा महिन्यांत त्याच नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. पवित्र आत्म्याच्या कृपादानांची गरज कशासाठी असते, याचे उत्तर त्या मंडळीला फार लवकर मिळाले.

त्याचे निमित्त असे घडले. १५९६ च्या ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. स्पेन आधी मिशनरी पाठविते आणि मग सैन्य, अशा अर्थाचे काही त्या गलबतावरील एका अधिकाऱ्याने म्हटल्याचे सांगतात. कारण काहीही असो, हिदेयोशीचा संशय बळावला आणि डिसेंबरमध्ये क्योतो व ओसाका येथील धर्मबंधूंना अटक झाली. जानेवारी १५९७ मध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली, शहरांतून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. बंदिवान प्रथम चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोन जपानी ख्रिस्ती त्यांना मिळाले आणि संख्या सव्वीस झाली.

हे सव्वीस जण कोण होते? सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत सुतार होता, स्वयंपाकी होता, वैद्य होता. आणि वाचकहो, त्यांत तीन मुले होती. लुई इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा, तोमास कोझाकी चौदा वर्षांचा. आपण आपल्या मुलांना दृढीकरणासाठी उभे करतो ते बहुधा याच वयात. तोमास आपल्या पित्यासह मरणास सामोरा जात होता. त्याने वाटेत आईला निरोपाचे पत्र लिहिले. लुईला श्रद्धा सोडल्यास जीवदान देऊ केले गेले. त्याने ते नाकारले आणि आपला क्रूस कोणता, एवढेच विचारले, असे परंपरा सांगते. ही मुले लहान आहेत, त्यांना काय कळते, असे आपण म्हणतो तेव्हा या तिघांची आठवण ठेवावी.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रांगेने उभारले गेले. दोऱ्या आणि लोखंडी कड्यांनी त्यांना क्रुसांना जखडण्यात आले आणि भाल्यांनी त्यांचे प्राण घेण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते. १६२७ साली पोप आठवे उर्बन यांनी या हुतात्म्यांना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. संतपदाचा मान मिळविणारे गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत होत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना हे चरित्र पुरे होणार नाही. त्या काळी जपानमध्ये येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात मोठे मतभेद होते. त्या देशात कार्य करण्याचा अधिकार कोणाचा, यावरून कटुता माजली होती. ज्या संघाने गोन्सालोंना प्रवेश दिला नाही त्या संघाचे पाऊल मिकी आणि त्यांचे दोन सोबती, तसेच गोन्सालो व त्यांचे फ्रान्सिस्कन बंधू एकाच रांगेत क्रुसावर होते. माणसांनी आखलेल्या रेषा त्या टेकडीवर पुसल्या गेल्या. आपल्या धर्मग्रामांतील भाषेचे, गावांचे आणि गटांचे वाद त्या टेकडीवरून किती क्षुद्र दिसतात, याचा विचार आपणच करावा.

मी हे दुर्ग-भिलाईचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. १९५६ पर्यंत या जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चाले. १९५५ साली सोव्हिएत सहकार्याचा करार झाला, १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे आली. त्यामुळे येथील ख्रिस्ती मंडळीत मल्याळी, तामिळ, मराठी, छत्तीसगढी आणि उरांव कुटुंबे एकत्र बसतात. येथील मराठी मूल दृढीकरणाची तयारी हिंदीतून करते, प्रार्थना मात्र आजीकडून मराठीत शिकते. केरळच्या सिरियन परंपरेतील कुटुंबांत हा संस्कार स्नानसंस्काराबरोबरच तान्ह्या बाळाला दिला जातो. नागपुरात १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत बिशप तरुणांवर हात ठेवून प्रार्थना करतात. रीती निरनिराळ्या आहेत, पण शोमरोनातील नव्या विश्वासणाऱ्यांवर पेत्र आणि योहान यांनी हात ठेवले, त्या प्रेषितकालीन कृतीचे स्मरण सर्वांत आहे.

दोन भाषांत वाढणाऱ्या या मुलांना मी सांगू इच्छितो की ही अवस्था उणेपणाची नव्हे. गोन्सालो असेच दोन जगांच्या मध्ये वाढले, परक्या देशाची भाषा शिकले आणि त्या भाषेचा त्यांनी दुसऱ्यांच्या सेवेसाठी उपयोग केला. पेंटेकॉस्टच्या दिवशी आत्म्याने प्रेषितांना प्रथम जे दिले, ते अनेक लोकांना समजेल असे बोलण्याचे सामर्थ्यच होते.

भिलाईच्या कारखान्यात दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतील खनिज येते. त्या मातकट, लालसर दगडात लोह मुळातच असते; भट्टी ते बाहेरून आणून घालीत नाही. मात्र भट्टीतून गेल्याशिवाय त्या दगडाचा रूळ होत नाही आणि त्यावरून गाडी धावत नाही. स्नानसंस्कारात परमेश्वराने आपल्या ठायी जे पेरले, ते दुसऱ्यांचा भार वाहण्याजोगे व्हावे म्हणून दृढीकरण आहे. म्हणूनच तो समारोपाचा संस्कार नव्हे. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही मिळून ख्रिस्ती जीवनाचा आरंभ होतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ज्याला आरंभ म्हणावयाचे त्याला आपण शेवट मानतो, हीच आपली चूक.

वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी दृढीकरणाच्या वेळी बिशप मुलाच्या गालावर हलकीशी चापट मारीत. १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी विधीची नवी रचना केली, तेव्हा ती प्रथा राहिली नाही. ख्रिस्तासाठी सोसावयास सिद्ध राहा, असा त्या चापटीचा अर्थ सांगत असत. चापट गेली, अर्थ मात्र राहिला पाहिजे. आपल्या मुलांच्या वाट्याला भाला येणार नाही. परंतु मित्रांची थट्टा येईल, लाच नाकारल्यामुळे मागे पडणे येईल, चर्चमधीलच एखाद्याने केलेला अवमान येईल. अशा वेळी टिकून राहण्याचे बळ या संस्कारात आहे, हे त्यांना कोणी सांगितले आहे काय?

हे सांगण्याची जबाबदारी एकट्या धर्मगुरूंची किंवा धर्मशिक्षकांची नाही. दृढीकरणाचे धर्ममातापिता शक्यतो स्नानसंस्काराच्या वेळचेच असावेत, असे ख्रिस्तसभेला वाटते. त्यांनी छायाचित्रापुरते उभे न राहता त्या मुलाच्या पुढील रविवारांची चौकशी करावी. धर्मग्रामानेही दृढीकरण झालेल्या तरुणाच्या हाती काहीतरी काम द्यावे : वाचन, गायन, आजाऱ्यांची भेट, धाकट्यांना धर्मशिक्षण. गोन्सालो पंधराव्या-सोळाव्या वर्षी कामाला लागले होते. ज्याच्या हाती काम नाही, त्याला आपली जागा रिकामी राहिली तरी कोणाला कळणार नाही असे वाटू लागते.

नागासाकीच्या कथेचा शेवट क्रुसांवर झाला नाही. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, पुढे धर्मगुरू उरले नाहीत, बिशप उरले नाहीत. तरीही साध्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी आपल्या मुलांना स्नानसंस्कार देत, प्रार्थना तोंडपाठ ठेवीत दोनशेहून अधिक वर्षे श्रद्धा जपली. १७ मार्च १८६५ रोजी, या सव्वीस हुतात्म्यांना समर्पित केलेल्या नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये त्यांचे काही वंशज आले आणि फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांच्यापाशी त्यांनी आपली श्रद्धा प्रकट केली. बिशपांविना, मिस्साविना त्यांनी एवढा काळ काढला. आपणांस तर दर रविवारी चर्चची घंटा ऐकू येते.

म्हणून, प्रिय वाचकहो, यंदा आपल्या धर्मग्रामात मुले दृढीकरणासाठी उभी राहतील, तेव्हा त्या रांगेकडे कौतुकाने पाहाच; पण आपल्या कपाळावरही ती खूण एकदा झाली होती, याचे स्मरण करा. त्यानंतर आपण तिचे काय केले, हे स्वतःस विचारा. आणि ज्याची जागा रिकामी झाली आहे, अशा एखाद्या तरुणाच्या घरी येत्या आठवड्यात जाऊन या. जे गोन्सालो एकदा निराश होऊन गेले आणि पुन्हा परतले, त्यांची मध्यस्थी त्या भेटीस लाभो.