टोचलेले आणि न टोचलेले

दौंड जंक्शनवर किंवा शिरूरच्या एसटी स्थानकावर कडेवरच्या मुलांना पोलिओचे थेंब पाजताना आपण पाहिले आहे. असे थेंब तयार करण्याचे काम परळच्या हाफकिन संस्थेनेही केले. लस मुलाच्या अंगी लागली का, हे आता रक्तातील प्रतिद्रव्ये मोजून कळते. ज्यांच्या नावाची ही संस्था, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्याजवळ १८९७ साली असे साधन नव्हते. त्यांनी माणसेच मोजली.

१८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचे, ते वैद्य नव्हते, आणि हे पुढे त्यांना फार नडले. पॅरिसला पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस शोधली आणि १८९३ साली ते हिंदुस्थानात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत हाफकिन यांनी रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून जंतू वाढवले, ते उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आला. राजी झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. अन्न एक, कोठड्या एक. न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले, दगावला कोणीच नाही. कैद्याची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न आज आपल्याला पडतोच. त्याच वर्षी पुण्यात सोजीर घरांची झडती घेत होते. लोक सरकारी सुईला भ्याले तर नवल काय?

मग १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतले १९ धनुर्वाताने मेले. हाफकिन यांना कामावरून दूर केले. वास्तविक ते एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्याच गावात, त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीच झाले नाही. मदतनिसाच्या हातून खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हाफकिन यांनी आयुष्यभर केली तीच ही तुलना. परंतु ती मान्य व्हायला पाच वर्षे लागली. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ बाजूने उभे राहिले आणि १९०७ साली त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. ते कलकत्त्यास परत आले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही.

तिला त्यांचे नाव १९२५ साली देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले.