दोन चाकांचा समेट

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या ट्रकच्या डिफरन्शिअलमध्ये मी कागदासारखे पातळ वॉशर बसवीत होतो. एक जास्त झाला की चाके जखडतात, एक कमी पडला की दाते झिजतात. तेव्हा जेम्स स्टार्ले आठवला. १८३० साली ससेक्समध्ये शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला हा मुलगा घरातून पळाला, माळीकामाला लागला आणि पुढे कॉव्हेंट्रीत शिवणयंत्रे व सायकली बनवू लागला. सांगतात की, मुलाशेजारी बसून दोघांची गाडी चालवताना मुलाचा जोर अधिक पडला, गाडी भलतीकडे वळली आणि वडिलांची स्वारी खाजऱ्या झुडपांत! १८७७ साली त्याने मध्ये दातेरी चाके घातली. जोर दोन्ही चाकांना सारखा, वळणावर वेग मात्र निराळा. फ्रान्सच्या पेकरने १८२८ मध्येच असे पेटंट घेतले होते, हे खरे. पण रस्त्यावर ही युक्ती रुळवली स्टार्लेने. १८८१ मध्ये तो वारला. माझ्या ट्रकमधला एक वॉशर अजून काढायचा आहे.