वाऱ्याला नंबर देणारे बोफर्ट

सर फ्रान्सिस बोफर्ट यांचा जन्म २७ मे १७७४ रोजी आयर्लंडमध्ये झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पंधराव्या वर्षी पूर्वेकडच्या समुद्रात त्यांचे जहाज फुटले, कारण नकाशाच चुकीचा होता. दुसरा कोणी असता तर त्याने दर्याचे नावच काढले नसते. हे मात्र नौदलात गेले. १८०० साली लढाईत त्यांना १९ जखमा झाल्या, तरी वाचले.

त्या काळी वाऱ्याचा जोर ज्याने त्याने आपल्या मनाने लिहायचा. एकाचा सोसाट्याचा वारा तो दुसऱ्याचा साधा. म्हणून १८०६ साली बोफर्ट यांनी रोजनिशीत वाऱ्याला नंबर दिले. जहाजावर किती शिडे टिकतात, त्यावरून नंबर. शून्य म्हणजे वारा पडलेला. बारा म्हणजे एकही शीड टिकणार नाही असे तुफान. १८३८ साली इंग्रजांच्या नौदलाने हेच माप घेतले.

पुढे शिडे गेली, आगबोटी आल्या. मग लाटा बघून नंबर ठरू लागला. शून्याला पाणी आरशासारखे. एकला बारीक सुरकुत्या. तीनला लाटांचे माथे फुटून कुठे कुठे पांढरा फेस, चारला तो बराच वाढतो. आठला फेसाचे लांबच लांब पट्टे, तेव्हा वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर असतो. (बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तो वेगळा बरं का!)

मी चिंचणीच्या किनाऱ्यावर ताडून पाहिले. सकाळी मतलई वारा असताना नंबर एक, दुपारी खारा वारा सुटल्यावर तीन. पण काठावरून बघणारा फसतो. लाट वाढायला वाऱ्याला लांबवर मोकळे पाणी लागते आणि वेळ लागतो. वारा जमिनीकडून असेल तर काठाला पाणी शांत दिसते, आत खोल दर्यात तोच वारा मोठी लाट उठवतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचे बाबा तिथेच मासे धरायला जातात! वारा पडला तरी लाट लगेच पडत नाही. वाऱ्याने तोंड फिरवले तर जुनी लाट एकीकडून, नवी दुसरीकडून, आणि होडी कशीही हेलकावते. सातपाटी-तारापूरच्या जुन्या लोकांना हे पुस्तकाशिवाय कळते.

१८२९ ते १८५५ बोफर्ट नौदलाच्या नकाशा खात्याचे प्रमुख होते. चुकीच्या नकाशाने जहाज गमावलेला मुलगा नकाशांचाच साहेब झाला, हे मला फार आवडले. आपल्याकडे स्वातंत्र्ययुद्ध पेटले त्याच साली, १७ डिसेंबर १८५७ रोजी, ते वारले. रोजची हवा वहीत लिहायचे त्यांनी म्हातारपणीही सोडले नव्हते.